बांधावरचे तंटे आणि सामोपचाराची विद्या

शेतकऱ्यास अनेक विद्या अवगत असाव्या लागतात. जमिनीची परीक्षा, बियाण्याची निवड, पिकांचा फेरपालट, जनावरांची निगा, बाजारभावाचा अंदाज, यांपैकीं प्रत्येक गोष्ट कोणाकडून तरी शिकावी लागते व ती शिकण्यांत आयुष्याचीं कांहीं वर्षें खर्चीं पडतात, हें सर्वांस मान्य आहे. परंतु या धंद्यांत नित्य लागणारी आणखी एक विद्या आहे, तिच्या शिक्षणाचा विचार मात्र आमच्यांत फारसा होत नाहीं. शेजाऱ्याशीं, भावाशीं अथवा पाटाच्या पाण्यावरील भागीदाराशीं मतभेद झाला असतां तो वाढूं न देतां कसा मिटवावा, ही ती विद्या होय. हा गुण माणसाच्या स्वभावांत उपजत असतो किंवा नसतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे. डोळा भरणें किंवा कलम बांधणें जसें हातानें करून शिकतां येतें, तसेंच तंटा मिटविणेंहि शिकतां येतें. आणि तें शिकविण्याचें काम शेतकऱ्यांच्या संस्थांनीं अंगावर घेतलें पाहिजे.

प्रथम हें पाहूं कीं, शेतकऱ्यास या विद्येची गरज इतरांहून अधिक कां आहे. दुकानदाराचें शेजाऱ्याशीं पटलें नाहीं, तर तो दुसऱ्या पेठेंत दुकान मांडूं शकतो. नोकरी करणारा बदली मागतो. शेतकऱ्याची जमीन मात्र उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं, आणि जमिनीबरोबर शेजारहि कायमचा चिकटलेला असतो. बांध दोघांचा, विहीर चौघांची, गाडीवाट तिसऱ्याच्या रानांतून, आणि पावसाचें पाणी वरच्या शेतांतून खालच्या शेतांत. एकमेकांस टाळून शेती करणें शक्यच नाहीं. त्यांत पिढीगणिक वाटण्या होतात. आजाची बारा एकर जमीन चार मुलांत तीन तीन एकर होते, आणि नातवांच्या वेळीं ती एकराच्या आसपास येते. क्षेत्र तेवढेंच राहतें, परंतु बांध वाढतात, वाटा वाढतात, पाण्याच्या पाळ्या वाढतात. आणि जेथें दोन माणसांचे हक्क एकमेकांस टेकतात अशी प्रत्येक जागा ही तंट्याची संभाव्य जागा असते.

आतां तंट्याचा विषय व तंट्याची किंमत यांचा हिशेब मांडून पाहूं. दोन शेतांमधील बांध ६६० फूट लांब आहे असें धरूं. एकानें नांगरतां नांगरतां तो सरसकट एक फूट कोरला. म्हणजे ६६० चौरस फूट जमीन गेली. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात् १०८९ चौरस फूट. गेलेली जमीन गुंठ्याच्या पांच भागांपैकीं सुमारें तीन भाग झाली. एकरीं आठ क्विंटल ज्वारी धरली, तर गुंठ्यास वीस किलो पडते. म्हणून या पट्ट्याचें वर्षाचें उत्पन्न बारा किलो ज्वारी. या बारा किलोंसाठीं तालुक्याच्या गांवाच्या खेपा, वकिलाची फी, बुडालेले कामाचे दिवस व रात्रीची गेलेली झोप यांचा खर्च किती होतो, तो ज्यानें त्यानें मांडावा. शिवाय तो खर्च होत असतांना सावड बंद होते, इर्जिकीस कोणी येत नाहीं, आणि शेजाऱ्याच्या गंजीस आग लागली तरी माणूस दारांत उभा राहून पाहतो. कित्येक ठिकाणीं तर कुऱ्हाडी निघतात, एक घर स्मशानांत व दुसरें तुरुंगांत जातें, आणि दोन्ही रानें पडीक राहतात.

यावर कोणी म्हणेल, "बारा किलो ज्वारीसाठीं कोण भांडतो? आज एक फूट सोडला, तर पुढच्या वर्षीं दोन फूट जाईल. आणि गांव म्हणेल कीं, हा दुबळा आहे." हें म्हणणें खरें आहे. किंबहुना त्यांतच या विद्येचें पहिलें सूत्र आहे. भांडण ज्या वस्तूवरून दिसतें, त्या वस्तूपेक्षां भय आणि मान यांचा वांटा त्यांत मोठा असतो. बांध कोरला गेलेल्या माणसास पुढील वर्षाचें भय असतें. कोरणाऱ्यास, चूक कबूल केली तर आपला मान जाईल, असें वाटत असतें. हे दोन्ही कांटे न काढतां नुसता फूटभर जागेचा निवाडा केला, तर जखम वरून भरते व आंतून चिघळते. म्हणून निवाड्याबरोबर पुढचें भय जाईल अशी सोय, म्हणजे पक्का दगड, व माघार घेणाऱ्याचा मान राहील अशी वाट, या दोन गोष्टी प्रत्येक तडजोडींत असावयास हव्यात.

दुसरें सूत्र वेळेचें व शब्दांचें आहे. नांगर चालू असतां, चार माणसांदेखत आणि रागाच्या भरांत बोललेला पहिला शब्द बहुधा तंट्याचें बीज ठरतो. त्या वेळीं गप्प बसावें, आणि एक रात्र जाऊं देऊन दुसऱ्या दिवशीं एकट्यानें त्याच्या घरीं जावें. तेथेंहि बोलण्याची एक रीत आहे. "तूं लबाड आहेस, तुझा बापहि तसाच होता," या वाक्यास उत्तर म्हणून शिवीखेरीज दुसरें कांहीं देतांच येत नाहीं. पण "दादा, उत्तरेच्या दगडापासून बाभळीपर्यंत बांध आंत आल्यासारखा मला दिसतो; उद्यां सकाळीं दोघेहि दोरी धरून पाहूं या काय?" या वाक्यास उत्तर देतां येतें. यांत काय दिसलें तें सांगितलें आहे, कोणाची लायकी काढलेली नाहीं, आणि लगेच करण्याजोगी एक गोष्ट सुचविली आहे. मागील पिढ्यांचे हिशेब, बायकामाणसांचे उद्धार आणि "पाहून घेईन" ही भाषा, या तीन गोष्टी वगळल्या तर निम्मे तंटे उंबरठ्यावरच थांबतील, असें आम्हांस वाटतें.

तिसरें सूत्र ऐकण्याचें. बहुतेक माणसें समोरचा बोलत असतां आपलें उत्तर जुळवीत बसतात. याला एक साधा उपाय आहे. समोरच्याचें बोलणें संपलें कीं, आपलें म्हणणें मांडण्यापूर्वीं त्याचेंच म्हणणें आपल्या शब्दांत त्यास सांगावें, व "मला समजलें तें बरोबर आहे काय?" असें विचारावें. यानें त्याचें म्हणणें आपण मान्य केलें असें होत नाहीं. परंतु आपलें बोलणें कोणी नीट ऐकलें असें कळतांच माणसाचा आवाज खालीं येतो. हें करणें सोपें दिसतें, पण रागांत असतां तें करून पाहिल्यावर त्याची अवघडता ध्यानांत येते. आणि म्हणूनच तें शांतपणीं गिरवून ठेविलें पाहिजे.

चौथें सूत्र मोजण्याचें. जी गोष्ट मोजतां येते तिच्याविषयीं वाद घालूं नये, ती मोजावी. हद्दीविषयीं संशय असेल, तर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करतां येतो, लगतच्या धारकांस नोटीस जाते, आणि मोजणीनंतर हद्दी दाखविणारा नकाशा मिळतो. दोघांनीं मिळून अर्ज केला व खर्च निम्मा निम्मा वांटून घेतला, तर मोजणी ही चढाई न ठरतां सोय ठरते. पाण्याचेंहि तसेंच. "तूं जास्त घेतलेंस, मला कमी मिळालें," हें न संपणारें बोलणें आहे. मोटारीचे तास वहींत लिहिले तर तें संपतें.

पांचवें सूत्र सर्वांत महत्त्वाचें आहे. माणूस जें मागतो त्याच्या मागें त्याची खरी गरज काय आहे, हें शोधून काढावें. एक उदाहरण कल्पूं. दोन भावांची सामाईक विहीर आहे, हिस्सा आठ आठ आणे. पाळी चार दिवस एकाची व चार दिवस दुसऱ्याची अशी ठरलेली आहे. थोरल्याचा ऊस भारी जमिनींत आहे, धाकट्याची मेथी-कोथिंबीर हलक्या रानांत आणि थोडा गहू शेजारीं आहे. रब्बीच्या अखेरीस ऊन वाढलें कीं, थोरल्याच्या चार दिवसांत धाकट्याची भाजी वाळते. धाकटा पाळीबाहेर मोटार चालू करतो आणि भांडण पेटतें. दोघेहि "माझे चार दिवस" यावर अडून बसतात. पण पिकांस विचारलें तर तीं वेगळेंच सांगतील. भाजीस थोडें पाणी वरचेवर हवें असतें. उसास व गव्हास भरपूर पाणी लांब अंतरानें चालतें. वीज रोज आठ तास मिळते असें धरलें, तर बारा दिवसांचे ९६ तास होतात व प्रत्येकाचे ४८. धाकट्यानें भाजीपुरते दिवसाआड तीन तास, म्हणजे १८ तास घ्यावे, उरलेले ३० तास गव्हासाठीं सलग दिवसांत घ्यावे, आणि बाकीचे ४८ तास थोरल्याचे राहावे. कोणाचा हिस्सा एक तासानेंहि कमी झाला नाहीं, आणि भाजी वाचली. जेथें वीज कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं मिळते, तेथें रात्रीचे तासहि असेच सारखे वांटून घ्यावे. कारण अंधारांत, सापाविंचवांत पाणी धरण्याचा त्रास हाहि हिशेबांतला एक भाग आहे. असा मार्ग ओरडण्यांतून सांपडत नाहीं. "तुला पाणी केव्हां व कशासाठीं हवें?" हा प्रश्न विचारल्यावर तो सांपडतो.

सहावें सूत्र लिहिण्याचें. ठरलेलें त्याच दिवशीं साध्या मराठींत कागदावर उतरावें. मोटार जळली तर खर्च कोणाचा, गाळ केव्हां काढावयाचा, एखादा पाळी चुकला तर ती भरून कशी द्यावयाची, हीं कलमें आधींच लिहून दोघांच्या सह्या व दोन साक्षीदार घ्यावे. "भावाभावांत कागद कशाला?" असें पुष्कळ म्हणतात. कागद अविश्वासासाठीं नसतो. आजचे भाऊ उद्यां नसतील; त्यांच्या मुलांस काय ठरलें होतें तें कळावें, म्हणून तो असतो.

हीं सूत्रें परकीं नाहींत. खानदेश व नाशिक भागांत पांझरा, मोसम या नद्यांवरील जुन्या बंधाऱ्यांखालीं जी फड पद्धति चालत आली, तिची मांडणीच तंटा न व्हावा अशी होती. भिजणारें क्षेत्र फडांत विभागलेलें, प्रत्येक फडांत एका हंगामास एकच पीक, शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत, आणि पाणी देण्यास गांवानें नेमलेले पाटकरी. पाणी कमी असेल त्या वर्षीं कमी फड भिजवावयाचे; म्हणजे तुटीचा भार सर्वांवर पडे. पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचें काम सुरू केलें, तेव्हां पाण्याचा वांटा जमिनीवर न ठरवितां कुटुंबांतील माणसांवर ठरविला, भूमिहीनांसहि त्यांत हक्क दिला, आणि ऊस वर्ज्य केला. राज्याच्या २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानेंहि पाणी वापर संस्थेच्या संचालकांत पाटाच्या शिरोभागाचे, मधल्या भागाचे व पुच्छभागाचे प्रतिनिधि असावे असें ठरविलें. या सर्वांत एकच शहाणपण आहे: नियम भांडणापूर्वीं, शांत मनानें व ज्यांस पाणी शेवटीं मिळतें त्यांस बरोबर घेऊन करावे.

दोघांच्यानें मिटेना, तर तिसरा माणूस घ्यावा. पण पंच कसा असावा, हेंहि शिकलें पाहिजे. दोघांचा विश्वास असलेला, ज्याचा त्या जमिनींत वा पाण्यांत लाभ नाहीं असा, आणि निकाल सांगण्यापेक्षां प्रश्न विचारणारा तो असावा. त्यानें आधीं दोघांचें स्वतंत्र ऐकावें, मग शिवारांत जाऊन जागा पाहावी, आणि शेवटीं दोघांस समोरासमोर बसवून त्यांच्याच तोंडून मार्ग काढवावा. कारण स्वतः काढलेला मार्ग माणूस पाळतो, आणि लादलेल्या मार्गांतून फट शोधतो. मराठेशाहींत गोतसभा भरत, आणि महजरावर पाटील नांगराची निशाणी करी. गांवच्या साक्षीनें झालेल्या निवाड्यास त्यामुळें वजन येत असे. मात्र त्या काळचें सर्वच गोड मानूं नये. त्या सभेंत वतनदारांचा शब्द मोठा होता. गांवकुसाबाहेरील माणसाचा व स्त्रीचा आवाज तेथें क्वचितच पोहोंचे. आज आपणांस गोताचें वजन हवें, पण तो भेदभाव नको.

कायद्यानेंहि सामोपचारास जागा ठेविलेली आहे, ती ठाऊक असावी. वाट अडविली किंवा पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक ओघ अडविला, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यान्वयें तहसीलदाराकडे दाद मागतां येते. मात्र ती सहा महिन्यांच्या आंत मागावी लागते. बांधावरून वाटेचा हक्क १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खालीं ठरवितां येतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणें लोकअदालतींत झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाहीं. १५ ऑगस्ट २००७ रोजीं राज्यांत महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली व गांवोगांव समित्या झाल्या. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यांत व दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यांत किमान बारा वर्षें असेल, तर अदलाबदलीच्या दस्तास नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क व एक हजार रुपये नोंदणी शुल्क घेण्याची सलोखा योजना राज्य शासनानें २०२३ सालीं काढली. त्याच वर्षीं संसदेनें मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला व त्यांत वस्तींतील तंट्यांसाठीं तिघां मध्यस्थांची योजना घातली. दारें पुष्कळ आहेत. परंतु त्या दारांतून आंत गेल्यावर बसून बोलावयाचें कसें, हें कोणताहि कायदा शिकवूं शकत नाहीं.

येथें एक इशारा देणें आम्ही कर्तव्य समजतों. तडजोड म्हणजे दुबळ्याचें तोंड बंद करणें नव्हे. मारहाण, स्त्रीवरील अत्याचार, जातीवरून केलेला छळ, हे गुन्हे आहेत; त्यांस गांवांत "मिटविणें" हा दुसरा गुन्हा होय. त्यांची जागा पोलीस ठाण्यांत व न्यायालयांत आहे. त्याचप्रमाणें वाटणीच्या वेळीं बहिणीकडून हक्कसोड पत्रावर घाईनें सही घेणें, किंवा विधवा भावजयीस "घराची शांतता" म्हणून हलकें रान देणें, यास सामोपचार म्हणतां येणार नाहीं. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क आहे. ती तो समजून उमजून सोडील तर तिची इच्छा. पण तिला बैठकींत बसवून, पुरता वेळ देऊन विचारलें पाहिजे. जी शांतता एकाच्या गप्प बसण्यावर उभी आहे, ती पुढच्या पिढींत दावा होऊन बाहेर पडते. म्हणून तडजोडीची कसोटी सोपी आहे: निकाल उलट बाजूस लागला असता, म्हणजे त्याचा वांटा मला व माझा त्यास मिळाला असता, तर मी तो मान्य केला असता काय?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण सर्वांस पाठ आहे. पायरी चढावयाची नसेल तर दुसरें काय करावयाचें, हें मात्र ती सांगत नाहीं. तें सांगण्याचें काम संस्थांचें आहे. आमची सूचना अशी कीं, प्रत्येक शेतकरी संस्थेनें वैशाखांत, नांगरट होऊन पेरणीपूर्वींच्या मोकळ्या दिवसांत, लगतच्या शेतकऱ्यांची बांधफेरी ठरवावी व दोघांनीं मिळून आपापले दगड पाहून घ्यावे. मासिक सभेंत बियाणें व खतांच्या माहितीबरोबर एक तास या विषयास द्यावा: दोन सभासदांनीं काल्पनिक तंटा मांडावा, तिसऱ्यानें पंच व्हावें, आणि इतरांनीं चुका दाखवाव्या. भांडण स्वतःचें नसतां केलेला हा सराव, भांडण स्वतःचें झालें म्हणजे उपयोगीं पडतो. पंचांच्या यादींत स्त्रिया असाव्या. घरांतील वाटणी, गोठा व पाणी यांचा बारकावा त्यांस अधिक ठाऊक असतो. सामाईक विहिरींच्या करारांचे साधे नमुने छापून सभासदांस द्यावे. यास फारसा खर्च नाहीं, आणि एक जरी दावा टळला तरी तो भरून निघतो.

गांव करी तें राव न करी, असें आपण म्हणतों. गांवानें तें करावयाचें तर गांवांतील माणसांस एकमेकांशीं बोलतां आलें पाहिजे. पुढील वाटण्या व्हावयाच्या आहेत, पाणी कमी होत जाणार आहे, आणि शेजार तोच राहणार आहे. पेरणीपूर्वीं जमीन तयार करणारा शेतकरी तंट्यापूर्वीं आपलें मन तयार करील, तर त्याच्या मुलांस जमिनीबरोबर वैर वारशानें मिळणार नाहीं.